न्यूपोर्टच्या सुतारांची खतावणी: टाउनसेंड-गॉडर्ड घराण्याचे हिशेबाचे कागद

कीर्दखोर

मंडळी, धंद्याने सीए, त्यामुळे दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब बघतो आणि घरी येऊन विरंगुळा म्हणून परत हिशेबच वाचतो, बायकोने नाद सोडलाय. सध्या डोक्यात बसलंय ते अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या टाउनसेंड आणि गॉडर्ड या सुतार घराण्यांचं प्रकरण. इथे कुणी वाचलं असेल तर भर घाला.

थोडक्यात पार्श्वभूमी. ऱ्होड आयलंड ही इंग्रजांची छोटीशी वसाहत आणि न्यूपोर्ट तिचं मोठं बंदर. गावात ईस्टन्स पॉइंट नावाचा भाग, पाण्याला लागून, तिथे क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाची बरीच वस्ती. जोब टाउनसेंड (१६९९-१७६५) आणि ख्रिस्तोफर टाउनसेंड (१७०१-१७८७) हे सख्खे भाऊ, दोघेही फर्निचरवाले. जोबची एक मुलगी हॅना जॉन गॉडर्डला दिली आणि दुसरी सुझॅना जॉनच्याच भावाला, जेम्सला. म्हणजे दोन भावांना दोन बहिणी, आणि सासऱ्याचाच धंदा. मग मुलं, पुतणे, नातवंडं धरून तीन पिढ्यांत वीसेक जण याच कामात, सगळ्यांची घरं आणि दुकानं हाकेच्या अंतरावर.

यांचं नाव आज कशाने आहे, तर महॉगनीच्या डेस्क-कपाटांनी, ज्यांच्या दर्शनी भागावर शिंपले कोरलेले असतात. ऱ्होड आयलंडमधल्याच प्रॉव्हिडन्स गावचे व्यापारी निकोलस ब्राऊन यांच्याकडचं असलं नऊ शिंपल्यांचं एक कपाट १९८९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं. फर्निचरच्या बाबतीत तेव्हाचा विक्रम.

आता माझा मुद्दा. या घराण्याच्या हिशेबाच्या वह्या शिल्लक आहेत. जोबचा मुलगा, धाकटा जोब (१७२६-१७७८), याची वही न्यूपोर्ट हिस्टॉरिकल सोसायटीत आहे, १७५० पासूनची, आणि १९९९ मध्ये त्यावर सविस्तर अभ्यास छापून आलाय. ती वाचायला लागलं की कोटीवाली कपाटं बाजूला राहतात हो. वहीत काय आहे? साधी डेस्क, टेबलं, पलंग, मोडक्याची दुरुस्ती, आणि शवपेट्या. शवपेट्या तर येतच राहतात. म्युझियमवाले शिंपला दाखवतात, पण घर चालत होतं ते या असल्या कामावर. मला तरी वाटतं की हे घराणं समजून घ्यायचं तर कपाटापासून सुरुवात करूच नये, वहीपासून करावी.

रंधा_पटाशी

मस्त विषय काढलात. मी हौशी सुतार, गॅरेजमध्ये खुडबुड करतो, त्यामुळे मला शिंपल्यातच जास्त इंटरेस्ट, माफी असावी :)

ज्यांनी फोटो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. या कपाटाच्या खणांचा पुढचा भाग सपाट नसतो. दोन्ही बाजूंना फुगीर पट्टा आणि मधे खोलगट पट्टा, वरपासून खालपर्यंत एका रेषेत. आणि प्रत्येक पट्ट्याच्या माथ्यावर शिंपला, बाजूचे दोन बाहेर आलेले आणि मधला आत गेलेला. मधला फळीतच कोरून काढतात, फुगीरवाले बरेचदा वेगळे कोरून सरसाने बसवतात. खणाचा पुढचा भाग मात्र जाड अखंड महॉगनीतून कापलेला. म्हणजे विचार करा, परदेशातून आलेलं महागडं लाकूड, आणि त्यातला केवढा भाग भुसा आणि ढलप्या होऊन जमिनीवर पडतो. ही चैन ज्याला परवडते त्याचंच हे गिऱ्हाईक.

पण खण बाहेर ओढला की आतली फळी चेस्टनट नाहीतर ट्यूलिप पॉपलरची, तिथली स्वस्त लाकडं. बाहेर राजा आत शेतकरी. डव्हटेलचे, म्हणजे दातात दात अडकवलेले, सांधे मात्र आतसुद्धा इतके बारीक आणि स्वच्छ की बघत राहावं. ख्रिस्तोफरचा मुलगा जॉन टाउनसेंड (जन्म १७३२-३३ च्या सुमाराचा, मृत्यू १८०९) तर लेबल लावायचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला त्याचं खणांचं कपाट आहे, लेबलावर नाव, ऱ्होड आयलंड आणि १७६५ साल. त्याच्यावर २००५ मध्ये तिथे स्वतंत्र प्रदर्शन झालं होतं.

पोटापाण्याचं_बोला

१ कोटी २१ लाख डॉलर, कपाटाला?? आत काय होतं?

कीर्दखोर

@पोटापाण्याचं, हाहा, आत काही नव्हतं, पण ब्राऊनांच्या घरातच पिढ्यानपिढ्या राहिलेलं होतं आणि त्यांनीच विकायला काढलं, घराण्याच्या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा होता म्हणून.

@रंधा, शिंपल्याबद्दल मान्य. पण तुम्ही म्हणता ते "गिऱ्हाईक" कागदात कसं दिसतं ते सांगतो. निकोलसचा भाऊ मोझेस ब्राऊन, त्याची पत्रं ऱ्होड आयलंड हिस्टॉरिकल सोसायटीने जपलीत. त्यात जॉन गॉडर्डचं जून १७६३ चं एक पत्र आहे. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मोझेसचं लग्न झालंय, म्हणजे नव्या घराची तयारी चालली असणार. गॉडर्ड कळवतो की चहाचं टेबल आणि साध्या खुर्च्या बिलासकट पाठवतोय, बाकीचं काम बऱ्यापैकी पुढे गेलंय. मग हळूच विषय काढतो की जेबेझ बोवेनची चिठ्ठी आली, त्याला खणांचं कपाट हवंय, तर एक कपाटावर कपाट असा फुगीर दर्शनी भागाचा प्रकार असतो, महाग पडतो पण शोभिवंतही तेवढाच. बघा म्हणजे, गिऱ्हाईकाने साधं मागितलं आणि कारागीर महागडं मॉडेल सरकवतोय! अडीचशे वर्षांपूर्वीचा सेल्समन. शिवाय क्वेकर असल्यामुळे एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला पण पत्रात एकेरीत हाक, त्यांच्यात तसाच रिवाज.

अनघा_वाचते

पत्राचा भाग फार आवडला. एक शंका, वहीतल्या रकमा पौंडात ना? मी कुठेतरी वाचलं की ऱ्होड आयलंडात एका साध्या डेस्कची किंमत बघून लोक दचकतात, आकडा एवढा मोठा असतो. ते कसं काय?

कीर्दखोर

@अनघाताई, अगदी माझ्या आवडीचा प्रश्न विचारलात, आता सुटका नाही तुमची.

ऱ्होड आयलंडने १७१० पासून कागदी नोटा छापायला सुरुवात केली आणि मग हात आवरलाच नाही. त्या नोटांना ओल्ड टेनर म्हणायचे. किंमत घसरत घसरत इतकी गेली की १७६३ मध्ये सरकारने हिशेब लावून टाकला, ७ पौंड ओल्ड टेनर म्हणजे एक स्पॅनिश चांदीचा डॉलर. तोच डॉलर नव्या कायदेशीर चलनात ६ शिलिंगांना. ७ पौंड म्हणजे १४० शिलिंग, भागिले ६, म्हणजे २३ पटींहून जास्त फरक! त्यामुळे १७५० च्या आसपासचा आकडा आणि १७६५ चा आकडा शेजारी ठेवून "फर्निचर स्वस्त झालं" म्हणणारा माणूस फसणार. रक्कम कुठल्या चलनात मांडलीय ते पहिल्यांदा बघायचं, मग पुढचं बोलायचं.

आणि रोख फारशी नव्हतीच. त्या काळच्या कारागिरांच्या वह्या उघडा, एका बाजूला नावे, एका बाजूला जमा. नावे बाजूला टेबल, पलंग, शवपेटी. जमा बाजूला जळाऊ लाकूड, मासळी, रम, कापड, शिंप्याने केलेलं काम, कुणाचे मजुरीचे दिवस. खातं वर्षानुवर्षं उघडंच, मधेच कधीतरी दोघं बसून मेळ घालतात, सह्या करतात, बाकी पुढे ओढतात. व्याजबीज बहुतेक वेळा दिसतच नाही. आमच्या ऑफिसात असं खातं आलं तर ऑडिटला आलेला पोरगा राजीनामा देईल.

गावाकडचा_भाऊ

म्हणजे बलुतंच की राव हे. आमच्याकडे सुताराला वर्षाला पायल्या ठरलेल्या असायच्या.

अनघा_वाचते

@भाऊ, नाही हो, बलुत्यात काम आणि मोबदला दोन्ही वतनाने ठरलेले, जातीने बांधलेले. इथे प्रत्येक वस्तूची किंमत पौंड-शिलिंगात लिहितायत, फक्त फेडताना पैशाऐवजी माल देतायत. फरक आहे मोठा.

बॉस्टनच्या_आत्या

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, न्यूपोर्ट काही लांब नाही, पाहुणे आले की त्यांना लोकांचे संगमरवरी बंगले बघायचे असतात आणि मला पॉइंटच्या गल्ल्या. ब्रिज स्ट्रीटवर, वॉशिंग्टन स्ट्रीटवर अजून ती लाकडी घरं उभी आहेत, चिंचोळी, रस्त्याला चिकटून, आणि लोक राहतात त्यात. डोरिस ड्यूक या श्रीमंत बाईंनी १९६८ मध्ये संस्था काढून बरीच घरं दुरुस्त करून घेतली, त्यांच्याच व्हाइटहॉर्न हाऊसमध्ये हे न्यूपोर्टचं फर्निचर ठेवलंय. जाणार असाल तर उन्हाळ्यात जा, म्युझियम हिवाळ्यात बंद असतं.

कीर्दखोर, तुमच्या वहीच्या मुद्द्याला माझ्याकडून एक जोड. इथल्याच सेलम बंदरातले सुतार सँडरसन बंधू माहितीयत का? एलायजा आणि जेकब. वसाहतीच्या काळात सुतारकाम शिकलेले पण दुकान चाललं ते अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या आगेमागे. एलायजाची गंमत म्हणजे १८ एप्रिल १७७५ च्या रात्री, ब्रिटिश फौज येतेय अशी खबर द्यायला निघालेल्या पॉल रिव्हिअरला ज्या ब्रिटिश घोडेस्वारांनी पकडलं त्यांनीच याला आधी पकडून ठेवलेलं होतं! तेव्हा तो लेक्सिंग्टनला. नंतर सेलमला आला आणि मग ही मंडळी जहाज भरभरून फर्निचर बाहेर पाठवायला लागली, दक्षिणेकडची बंदरं, वेस्ट इंडीज, कुठे कुठे. त्यांचेही कागद राहिलेत.

पद्धत अशी की माल कप्तानाच्या ताब्यात द्यायचा, तो जिथे भाव मिळेल तिथे विकणार, कमिशन घेणार आणि बदल्यात तिथला माल आणणार. एलायजाच्या कप्तानाला लिहिलेल्या सूचना वाचण्यासारख्या आहेत. त्याची तक्रार अशी की एकाच जहाजावर चार सुतारांचा माल असतो, कुणी हलक्या मालाची किंमत कागदावर चढवून लावतो, मग सगळं एकगठ्ठा विकलं की त्या चढवून लावणाऱ्याला वाटा जास्त मिळतो आणि चांगल्या मालवाल्याचं नुकसान. म्हणून माझा माल वेगळा विका, आणि माझ्या प्रत्येक नगावर मागच्या बाजूला माझ्या नावाची दोन अक्षरं डागलेली आहेत, ती बघून घ्या.

रंधा_पटाशी

आत्या, हे भारी आहे. मला वाटायचं डाग म्हणजे कलाकाराची सही. हा तर सरळ मालाचा हिशेब झाला.

बॉस्टनच्या_आत्या

आणि आपल्याकडचा धागा पण सेलममध्येच आहे बरं का. १७८९ मध्ये डर्बी या व्यापाऱ्याच्या पेगी नावाच्या जहाजाने मुंबईहून कापूस सेलमला आणला, तिकडे पोचलेला मुंबईचा पहिला कापूस म्हणतात तो.

स्पष्टवक्ता_७७

सगळं छान चाललंय पण एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. महॉगनी आली कुठून? न्यूपोर्टला पैसा आला कुठून? क्वेकर, साधेपणा, हाकेच्या अंतरावरची दुकानं, ऐकायला गोड वाटतं.

पोटापाण्याचं_बोला

आलं! आता प्रत्येक धाग्यात हे आणायलाच पाहिजे का? सुतार होते बिचारे, सुतारकाम केलं. त्यांनी काय जहाजं पाठवली होती का आफ्रिकेला?

अनघा_वाचते

@पोटापाण्याचं, आणायला लागत नाही, कागदातच आहे ते. ज्या ब्राऊन बंधूंच्या पत्रांवर आपण एवढा वेळ खूश होतोय ना, त्याच चौघा भावांनी, निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस, १७६४ मध्ये सॅली नावाचं जहाज आफ्रिकेला पाठवलं. कप्तान ईसेक हॉपकिन्स. १९६ माणसं विकत घेतली, त्यातली किमान १०९ मेली, रोगाने, उपासमारीने, बंड मोडताना झालेल्या गोळीबारात, काहींनी जीव दिला. कप्तानाच्या हिशेबाच्या वहीत एकेक मृत्यू क्रमांक घालून लिहिलाय. ती वही ब्राऊन विद्यापीठाच्या आवारातल्या जॉन कार्टर ब्राऊन लायब्ररीत आहे, आणि विद्यापीठाने २००६ मध्ये स्वतःच या सगळ्याचा अहवाल काढला. चहाच्या टेबलाचं पत्र १७६३ चं, जहाज १७६४ चं. मधे सव्वा वर्ष.

मोझेस पुढे बदलला, १७७३ मध्ये स्वतःकडच्या गुलामांना मुक्त केलं, क्वेकर झाला, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडला, सख्ख्या भावाशी जॉनशी पण. हे त्याचं श्रेय आहेच. पण टेबल आलं तेव्हा तो अजून तिकडे पोचलेला नव्हता.

कीर्दखोर

अनघाताई आणि स्पष्टवक्ता दोघांशी सहमत, आणि मी थोडं हिशेबाच्या बाजूने सांगतो, कारण "सुतारांचा काय संबंध" हा प्रश्न वाईट नाहीये, त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे.

१७६४ मध्ये इंग्लंडने मळीवर कर लावायचं काढलं तेव्हा ऱ्होड आयलंडच्या सरकारने एक निवेदन पाठवलं, त्यात स्वतःच आकडे दिलेत. वर्षाला सुमारे १४ हजार पिंपं मळी येते, वसाहतीत तीसच्या वर रमच्या भट्ट्या आहेत, आणि दरवर्षी १८ एक जहाजं १८०० पिंपं रम घेऊन आफ्रिकेला जातात. लपवत नव्हते, उलट सांगत होते की हे बंद पडलं तर आम्ही बुडालो. आता मळी आणायची तर वेस्ट इंडीजला जाताना जहाजात काहीतरी भरायला पाहिजे. घोडे, खारवलेले मासे, लाकूड, स्पर्मासेटीच्या (देवमाशाच्या डोक्यातल्या मेणाच्या) मेणबत्त्या, आणि साधी डेस्क. जॉन कहून नावाच्या न्यूपोर्टच्याच दुसऱ्या सुताराची १७४९ ते १७६० ची वही आहे, ती या डेस्कांनी भरलीय आणि घेणारे बघितले तर जहाजवाले व्यापारी. शिंपला-बिंपला काही नाही, मेपल नाहीतर सिडरचं चटकन होणारं काम. ॲरन लोपेझ हा तिथला बडा ज्यू व्यापारी, त्याच्या जहाजांवर पण फर्निचर जायचं आणि त्याची जहाजं आफ्रिकेलाही जायची.

म्हणजे सुतार स्वतः आफ्रिकेला गेला नाही. पण त्याचं डेस्क जहाजात, जहाज मळी घेऊन परत, मळीची रम, रम आफ्रिकेला, आणि व्यापाऱ्याकडे त्यातून साठलेल्या पैशातून परत सुताराला नऊ शिंपल्यांची ऑर्डर. खात्याच्या दोन्ही बाजूंना तीच माणसं आहेत.

स्पष्टवक्ता_७७

आणि महॉगनी. जमैकातली बंदराजवळची झाडं संपत आली तसं होंडुरासच्या आखाताकडे, म्हणजे आजच्या बेलीझकडे वळले. तिथे तोडणारे गुलामच. टोळीत एक शोध्या असायचा, ऑगस्टच्या सुमाराला तो उंच झाडावर चढून जंगलावर नजर फिरवायचा, कारण तेव्हा महॉगनीच्या पानांना पिवळट-तांबूस झाक येते आणि वरून झाड ओळखू येतं. मग खाली उतरून, वाट काढत तिथपर्यंत जायचं. बुंध्याला खाली रुंद पाख्या असतात म्हणून दहा-बारा फुटांवर माच बांधून त्यावर उभं राहून कुऱ्हाड चालवायची. ओंडके ओढायचे रात्री, मशालीच्या उजेडात, कारण दिवसा उन्हात बैल टिकत नाहीत. रंधाभाऊंनी मगाशी भुशाचा उल्लेख केला म्हणून हे लिहिलं.

रंधा_पटाशी

हे वाचून खरंच जरा थबकलो. बैल टिकत नाहीत म्हणून रात्री, आणि माणसं मात्र दोन्ही वेळा. लिहीत राहा, उपयोगाचं आहे.

पोटापाण्याचं_बोला

ठीक आहे, पटलं. प्रश्न मागे घेत नाही, पण उत्तर मिळालं. आता हे सांगा, एवढे कागद नेमके या सुतारांचेच कसे काय टिकले? आमच्या सोसायटीचं गेल्या दहा वर्षांचं रजिस्टर सापडत नाहीये.

बॉस्टनच्या_आत्या

टिकले कसले, गावाचे तर बुडाले! खरोखर बुडाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, डिसेंबर १७७६ मध्ये, ब्रिटिश सैन्याने न्यूपोर्ट घेतलं आणि ऑक्टोबर १७७९ पर्यंत बसून राहिलं. थंडीत जळणाला लाकूड पुरेना म्हणून घरं पाडून जाळली. जाताना गावाचं दप्तर जहाजात घालून घेऊन गेले आणि ते जहाज न्यूयॉर्कजवळ हेल गेट नावाच्या वाईट पाण्यात बुडालं. दप्तर नंतर बाहेर काढलं पण भिजून, चिकटून, कुजून गेलेलं. त्यामुळे जमिनीचे व्यवहार, इच्छापत्रं, वाटण्या, अर्ध्याहून जास्त गोष्टींचा पत्ता नाही. म्हणून तर घरात राहिलेली एखाद्या सुताराची वही एवढी मोलाची. कोण कुठे राहायचं, कुणाकडे कोण शिकाऊ होता, कोण कधी गेलं, हे शवपेटीच्या नोंदीवरून शोधतात लोक.

कीर्दखोर

अगदी हेच. माझ्या पहिल्या पोस्टमधल्या शवपेट्या आत्यांनी बरोबर जागी आणून ठेवल्या.

आणि युद्धाने गावच संपवलं. १७७४ मध्ये नऊ हजारांवर वस्ती, १७८२ मध्ये साडेपाच हजारांच्या आसपास. व्यापारी पांगले, लोपेझ तर ब्रिटिश यायच्या आधीच मॅसॅच्युसेट्सला निघून गेला आणि १७८२ मध्ये परत येताना वाटेत बुडून मेला. गिऱ्हाईक गेलं म्हटल्यावर फर्निचर कुणाला विकणार.

जॉन गॉडर्ड १७८५ मध्ये वारला. त्याचं इच्छापत्र आहे. त्यात तो म्हणतो की महॉगनी आणि इतर लाकूड शिल्लक आहे, मुलगे स्टीफन आणि थॉमस माझ्याबरोबर कामाला आहेतच, तर त्यांनी ते लाकूड वापरून काम पुरं करावं, त्यातून आईचा आणि घराचा निर्वाह व्हावा. थोडक्यात, कच्चा माल आहे, कारागीर आहेत, फक्त विक्री व्हायची आहे.

पोटापाण्याचं_बोला

मग फिटलं का सगळं?

कीर्दखोर

नाही. देणी जास्त निघाली, इस्टेट दिवाळखोर ठरली. ज्याच्या घराण्याचं कपाट कोटीत गेलं त्याची ही अवस्था. पोरांनी मात्र दुकान चालू ठेवलं, स्टीफन आणि थॉमस अशा दोघांच्या नावाचं लेबल असलेलं टेबल आजही आहे, पण त्यात शिंपला नाही, तोवर फॅशन बदलली होती, सरळ पाय आणि वर नुसती नाजूक जडावाची रेघ.

रंधा_पटाशी

कुणाला घरबसल्या बघायचं असेल तर येल विद्यापीठाच्या आर्ट गॅलरीचं ऱ्होड आयलंड फर्निचर अर्काइव्ह नेटवर फुकट आहे. कारागिराच्या नावाने शोधता येतं, आणि काही नगांचे खण उघडून आतले, मागचे, तळाचेसुद्धा फोटो आहेत. मी आज रात्री फक्त तळच बघणार आहे.